बालाजीची अनवाणी फायनल

आमच्या कॉलेजच्या जुन्या बास्केटबॉल टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बालाजी रोज सकाळी देवीचा फोटो टाकायचा. त्या दिवशीही टाकला होता. दुपारी त्याच्याच नंबरवरून पुतण्याचा मेसेज आला, ‘काका गेले.’ साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसल्या बसल्या, हृदयाच्या झटक्याने... दारातून वाकल्याशिवाय आत न येणारा तो धिप्पाड माणूस असा सहज जातो का? महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

तालुक्याच्या आमच्या कॉलेजात कोर्ट मुरमाचं होतं. सकाळी पाणी मारायचं, मग खेळायचं. तरी खड्यावर पडला की चेंडू भलतीकडेच पळायचा. मी टीममधला बुटका, चेंडू पुढे नेणारा. बालाजी रिंगखाली उभा. “तू टाक, घ्यायला म्या हाय,” म्हणायचा. त्या भरवशावर आम्ही एकेक मॅच मारत गेलो. आमचे विटके बनियन बघून हसणारी शहरातली पोरं हरल्यावर गप्प व्हायची. कॉलेज पहिल्यांदाच फायनलला पोचलं.

फायनल नेमकी नवरात्रात आली. त्याच आठवड्यात बालाजीच्या आईचं मोठं ऑपरेशन झालं होतं, ती अजून धड शुद्धीवर नव्हती. नऊ दिवस पायात काही घालणार नाही, असा नवस तो बोलला होता. आमच्याकडे त्या दिवसांत निम्मा जिल्हा अनवाणी असतो, म्हणून आम्हाला त्यात वावगं वाटलंच नाही. पण पंच अडले. बूट नाहीत तर खेळ नाही. आमच्या सरांनी स्वतःचे बूट काढून त्याच्यापुढे ठेवले.

“बाळा, देवी माफ करील.”

“देवी करंल व्हय सर. पर मायला काय झालं, तर म्या तोंड कुठं लपवू?”

सरांनी बूट परत घातले. बालाजी बाकावर बसून घसा फुटेस्तोवर ओरडत राहिला. मी सवयीने चेंडू त्याच्या जागेवर टाकत राहिलो, आणि तिथं कुणी नव्हतं. थोडक्यात हरलो. परतीच्या एसटीत कुणी त्याच्याशी बोलेना. “पुढच्या साली बघू,” एवढंच तो म्हणाला. पुढच्या साली वडिलांच्या जागी कारखान्यात लागला, तो पुन्हा खेळला नाही. आई मात्र खडखडीत बरी झाली.

तेराव्यानंतर मी ढोकीला त्याच्या घरी गेलो. त्याने लग्न केलं नव्हतं. विचारलं की “माझ्या उंचीची घावंना,” म्हणायचा. घरात दोघं मायलेकच. त्याच्या आईला आम्ही मावशी म्हणायचो, त्या आता ऐंशीच्या घरात आहेत.

“त्येनं माझ्यासाठी बोललेलं देवीनं ऐकलं,” त्या म्हणाल्या. “मला त्येच्यासाठी बोलायला येळच दिला न्हाय रं.”

मी रडलो. त्याच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

मग जेवायला वाढलं. मी लोणचं मागितलं, तर त्यांनी वर बोट दाखवलं. बरणी पार पत्र्याजवळच्या फळीवर होती. तिखट, गूळ, शेंगदाणे, सगळं तिथंच, त्याच्या हाताला येईल असं. मी स्टुलावर चढून बरणी उतरवली. जेवण झाल्यावर ती मावशींच्या हाताशी, चुलीजवळ ठेवायला लागलो.

“तिथं नगं. वरच ठिव.”

“मावशी, रोज काढून कोण देणार तुम्हाला?”

“मला कुठं लागतंय रं लोणचं... त्यो वाढायचा म्हून खायचे.”