मॅडमची काळ्या दगडावरची रेघ

आमच्या मेडिसिन वॉर्डच्या मोठ्या मॅडम नाकावर माशी बसू देत नाहीत. मी तिथली इन्चार्ज सिस्टर, मीही काही कमी नाही, पण त्यांचा राउंड सुरू झाला की माझंही तोंड बंद. त्यांची एक पद्धत आहे. नवीन औषध सुरू करायचं तर एका ज्युनिअर डॉक्टरनं आधी त्याच्या विरोधात भांडायचं. त्याला आम्ही ‘उलटा वकील’ म्हणतो.

न्यूमोनियात स्टेरॉइड द्यायचं नाही, त्यानं प्रतिकारशक्ती दबते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं, ही मॅडमची काळ्या दगडावरची रेघ. ती शिकवताना त्यांनी कित्येकांना रडवलंय.

आणि मग आमच्या वॉर्डच्या मावशीच न्यूमोनियानं आयसीयूत गेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशा सारख्या करणाऱ्या बाईला एक वाक्य धड बोलता येईना. अँटिबायोटिक चालू होतं, तरी ऑक्सिजन वाढवावाच लागत होता. माझा जीव टांगणीला लागला होता.

मॅडमनी अलीकडचं संशोधन पुन्हा वाचून काढलं आणि म्हणाल्या, स्टेरॉइड सुरू करू या. ज्युनिअर एकमेकांकडे बघायला लागले. उलटा वकील व्हायला कुणी तयार होईना. शेवटी सगळ्यांत भित्र्या डॉक्टरणीला त्यांनीच उभं केलं, आणि तिनं मॅडमचंच जुनं लेक्चर घडाघडा म्हणून दाखवलं.

“बरोबर. मी असंच शिकवलंय,” मॅडम म्हणाल्या. “पण आजार इतका गंभीर असेल आणि लवकर दिलं, तर जास्त माणसं वाचतात असं आता दिसलंय. फ्लूत ते घातक ठरू शकतं, तेव्हा आधी फ्लू नाही ना, ते बघा. यानं रक्तातली साखर वाढते, तिच्यावर लक्ष ठेवा. आणि द्या.”

स्वतःची रेघ अशी चारचौघांत पुसणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

मावशी सावरल्या. औषध लागू पडलं, असं मी म्हणाले तर मॅडम माझ्यावरच डाफरल्या. एक बाई बरी झाली म्हणून काही सिद्ध होत नाही म्हणे. मग मावशींजवळ बसून त्यांनी सांगितलं, की कुठल्या कुठल्या गावच्या शेकडो आजाऱ्यांनी, नाहीतर त्यांच्या घरच्यांनी, या औषधाच्या चाचणीला होकार दिला. अँटिबायोटिक सगळ्यांनाच, पण निम्म्यांना हे औषध आणि निम्म्यांना त्याच्या जागी नुसतं सलाइन. कुणाला काय मिळालं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी औषधं देतेय, पण त्यांच्यामागे अशी माणसं असतात, हे कधी मनातच आलं नव्हतं.

“त्यातले काही गेले असतील ना?” मावशींनी विचारलं.

“हो. दोन्हीकडचे.”

मावशींनी स्वतःची उशी सारखी केली. मग म्हणाल्या, “त्यांच्या घरच्यांना कुणीतरी सांगायला हवं, मी वाचले म्हणून.”