गोदामातली नोकरी

किस्से म्हणजे जिनिंगमधला कापूस. कितीही झटका, अंगाला चिकटून घरी येतोच!

काशीहून शिकून मी धरणगावला परतले, तेव्हा वाटलं होतं, लढाईवरून रजेवर आलेला माझा थोरला दामूभाऊ तोफांच्या गोष्टी सांगेल आणि मी त्याला ठणकावेन, "गोऱ्यांची चाकरी सोड!" पाहते तर आमच्या ओट्यावर हशा चाललेला. दामूभाऊ, यावलचा सोमा आणि दोंडाईच्याचा विश्राम. तिघंही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानातून रसद टाकणारे.

आईला मात्र त्यांनी सांगितलं होतं, दामू गोदामात असतो. पक्क्या छपराखाली! ती बाहेर आली की तिघंही एकदम तांदळाच्या भावावर बोलायला लागत.

०

"तुमच्या विमानाला बंदुका किती?" मी विचारलं.

"बंदुका?" सोमा म्हणाला. "ताई, मालगाडीला कधी बंदूक पाहिली का?"

"मग शत्रूचं विमान आलं तर?"

"घार आली की कोंबडी काय करते? खाली घुसते! आम्ही झाडांना खेटून पळतो."

०

विमानाच्या छतात काचेचा घुमट असे. त्यात डोकं घालून आभाळ राखायचं. एकदा सोमा ओरडला, "आलं! आलं!" पायलटनं विमान थेट ढगात घातलं. सगळे एकमेकांवर कोसळले.

"कितने थे?" पायलटनं नंतर विचारलं.

काचेवरची माशी न्याहाळत सोमा म्हणाला, "एकच, सायेब. पण पाय सहा!"

०

विश्रामनं आयुष्यभर बाजारात पोती रचलेली. गोळ्या अडाव्यात म्हणून तो डाळीच्या पोत्यांची भिंत उभारून मागे ऐटीत बसला. ठिकाण आलं, इशाऱ्याचा दिवा लागला, आणि पोती खाली ढकलायचा हुकूम सुटला!

"जाताना किल्ला, येताना मैदान!" विश्राम म्हणाला.

०

हसता हसता मी विचारलं, "मग येताना शत्रू आला तर?"

कुणी हसलं नाही.

दामूभाऊ म्हणाला, "आमच्या पुढचं विमान ढगाबाहेर निघालं. वर शत्रू टपूनच होता. त्या विमानातल्या पोरांचं जेवण लंगरच्या आचाऱ्यानं रात्रभर झाकून ठेवलं होतं."

"मी सकाळी आईला खरं सांगणार," मी म्हणाले. खोटं न बोलण्याचं माझं व्रत होतं. "ती तुला जाऊ देणार नाही."

"इंदू, तिकडे रानात अडकलेली आपलीच पोरं आहेत. आम्ही गेलो तरच जेवतात."

०

सकाळी टांगा दाराशी आला. लाडवांची पुरचुंडी बांधता बांधता आईनं माझ्याकडे पाहिलं.

"इंदू, तू शिकेल शे. खरं सांग. हाऊ गोदाममाच काम करस ना?"

दामूभाऊ माझ्याकडे बघत होता. टांगेवाला घाई करत होता.

"हो आई," मी म्हणाले. "गोदामातच."

"मंग बरं." तिनं दुसरी पुरचुंडी बांधून त्याच्या हातात दिली. "ही तुना गोदामना सायेबले दे. त्याले सांग, ढगमा हळू चालाड!"