सीडीतला समुद्र, तारेतला समुद्र

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि न्हावऱ्याच्या आमच्या घरात पहिल्यांदाच धारा काढायला आई गोठ्यात नव्हती. ते काम वडिलांनी घेतलं. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायची. बसून राहणं हे तिच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं, त्यामुळे ते कसं करायचं हेच तिला कळेना.

मी शिरूरजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सुट्टीच्या दिवशी टीव्हीला कन्सोल जोडून गेम खेळायचा हा माझा एकच नाद. कन्सोल जुना, शिरूरच्या बाजारातल्या एका दुकानातून घेतलेला. दुकानदाराला सगळे चाचा म्हणतात. ते मोबाईल दुरुस्त करतात आणि काचेखाली वापरलेल्या गेमच्या सीडी मांडून ठेवतात. त्यातली एक मी आणली होती. होडी घेऊन समुद्रात निघायचं, बेटं शोधायची, वादळातून वाट काढायची, असा तो गेम. डबीच्या आतल्या बाजूला कुणीतरी तमिळ अक्षरांत काही लिहिलेलं होतं. ती सीडी कुठून कुठून फिरत शिरूरला आली, ते चाचांनाही सांगता आलं नाही.

आईनं खरा समुद्र पाहिलेला नाही. पाणी म्हणजे विहीर, कॅनॉल आणि माहेरच्या वाटेवरची भीमा. पहिल्या दिवशी मी खेळत होते आणि ती नुसती पडद्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "त्या डोंगरामागं काय हाय?"

"माहीत नाही. मी गेले नाही अजून."

"मंग जा की."

मी होडी वळवून वळवून थकले, तेव्हा तिनं हात पुढे केला. धारा काढून काढून तिची बोटं मजबूत झालेली, पण ती बटणांवर फार हलकेच टेकायची. आठवडाभरात होडी तिच्या ताब्यात गेली. मी कंपनीतून आले की ती सांगायची, आज पांढऱ्या वाळूचं बेट सापडलं, आज मासे होडीच्या बरोबरीनं पळत होते. संध्याकाळी एका शांत खाडीत, दोन खडकांच्या मधे, ती नांगर टाकायची. उघड्यावर होडी सोडून टीव्ही बंद करणं तिला पटायचं नाही.

आणि एके दिवशी कन्सोलनं सीडी घेणं बंद केलं. चाचांनी तो उघडून पाहिला. "बेटा, इसका पार्ट अब नहीं मिलता," ते म्हणाले, आणि मग मराठीत, "आता नव्या मशीनला तर सीडीची फटच नसते. सगळं नेटवरनं येतं."

मी तसलाच एक नवा कन्सोल घेतला. आईनं तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि हातातल्या सीडीकडे बघत राहिली. उजेडात सीडीवर रंग सरकत होते.

"आख्खा समुद्र ह्यात हुता ना? मंग आता ह्या डब्यात कुठनं यायचा?"

तोच गेम आम्हाला पुन्हा विकत घ्यावा लागला, कारण जवळ सीडी आहे हे नव्या यंत्राला कळायला मार्गच नव्हता. डाउनलोड सुरू झालं. गावात फायबर नुकतंच आलेलं. काळी तार विजेच्या खांबांवरून, उसाच्या कडेकडेनं आमच्या पत्र्यापर्यंत पोचलेली. आई वॉकर घेऊन अंगणात आली आणि मान वर करून त्या तारेकडे पाहू लागली. तारेवर दोन साळुंक्या बसल्या होत्या.

"ह्यातनं समुद्र येतोय?"

"हो."

"आन् त्या साळुंक्यांना काय समजंना पन."

दुपारी लाइट गेली. आईला वाटलं, आलेलं सगळं वाहून गेलं. लाइट आली आणि डाउनलोडची निळी पट्टी जिथं थांबली होती तिथूनच पुढे सरकली. दिवस कलता कलता गेम उघडला. मी मनाशी धरून होते, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. पण जुन्या कन्सोलवर मी कधीतरी नेटवरचा बॅकअप चालू करून ठेवला होता, आणि ते मी विसरूनही गेले होते.

पडदा उजळला. दोन खडकांच्या मधे, शांत खाडीत, होडी उभी होती. शिडाला वादळात पडलेली चीरसुद्धा तशीच.

आईनं कंट्रोलर हातात घेतला, पण बटण दाबलं नाही. पडद्याकडे बोट करून म्हणाली, "ही माझीच हाय. कुणी राखली गं?"

मी सांगितलं, लांब कुठल्यातरी देशात मोठमोठ्या इमारती असतात, तिथं मशीन असतात, आपलं सगळं तिथं साठवतात. मी हे रोज वापरते. पण न्हावऱ्यातल्या एका बाईनं कुठं नांगर टाकला, हे कुठंतरी जपून ठेवलेलं असतं, असा विचार मी कधी केलाच नव्हता.

सीडी मग तिनं खुटबावच्या मामांना धाडली. मामा तिचे धाकटे भाऊ. मुलगी लग्न होऊन गेली, तिचा सीडीचा कन्सोल त्यांच्याकडे धूळ खात पडलेला. मामी गेल्यापासून ते फारसे बोलत नसत. मी स्कूटीवर भीमेचा पूल ओलांडून गेले, कन्सोल जोडून दिला आणि सीडी फटीत सरकवली. नेट नव्हतं, तरी समुद्र आला. मामा बघतच राहिले.

घरी आल्यावर मी आईला फरक सांगितला. आपला गेम कुणाला उसना देता येत नाही, आणि गेमवाल्या कंपनीनं उद्या नेटवरचं दुकान बंद केलं तर आपला कदाचित जाईल, मामांचा राहील.

आई म्हणाली, "म्हंजी माझी होडी दुसऱ्याच्या भरवशावर, आन् त्याची त्याच्या घरात." मग म्हणाली, "पन ज्यानं ठिवली, त्यानं नीट ठिवली."

आता आई पुन्हा गोठ्यात जाते. पण संध्याकाळी मामांचा फोन येतो आणि स्पीकर चालू करून दोघं आपापल्या समुद्रावर निघतात. मामा तिला आक्का म्हणतात. "आक्का, डोंगर कुठल्या अंगाला ठिवू?" "उजव्या. आन् वारं फिरलं की शीड खाली घे." मामी गेल्यानंतर इतकं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

परवा मामा नकाशाच्या अगदी टोकाला पोचले. तिथवर आईही गेलेली नव्हती.

"पुढं काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"काय न्हाई, आक्का. नुसतं पानी आन् धुकं. होडी पुढं जाईना, आपोआप वळती."

फोनमधून मामांच्या टीव्हीवरच्या लाटा ऐकू येत होत्या, आणि इकडे आमच्या टीव्हीवरच्या.

"मंग वळू दे," आई म्हणाली. "जेवलास का?"