पहिला शब्द

विंगमामांना आख्खी नाटकं पाठ होती, पण त्यांना रंगमंचावर कधी कुणी पाहिलं नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत ते प्रॉम्प्टर होते. एरवी वडशाच्या भातगिरणीत नोकरी. दिवाळीनंतर सीझन लागला की विंगेतल्या स्टुलावर वही घेऊन मुक्काम. म्हणून माझ्या आईच्या या धाकट्या भावाला सारं गाव विंगमामा म्हणायचं.

त्यांचं एक शास्त्र होतं. "नट अडला का पहिला शब्दच द्याचा. पुरं वाक्य देल्लं तं त्याचा पोपट होते. पहिला भेटला का बाकीचं त्याचं त्याले येते." या शास्त्राला मी एकटा अपवाद. हौसेनं एकदा शिपायाचं काम घेतलं होतं. वाक्य एकच : "महाराज, शत्रू वेशीवर आला!" मामांनी 'महाराज' दिला, 'शत्रू' दिला, 'वेशीवर'ही दिला. शेवटी तेच विंगेतून ओरडले, "आला ना बे, आला!" लोकांनी वन्स मोअर दिला. माझी कारकीर्द तिथेच आटोपली.

बाबा लवकर गेले. मामांनी लग्न केलं नाही, ते आमच्याच घरी राहिले. शाळेच्या फॉर्मवर 'पालकाची सही' असे, तिथे लांबलचक सही ठोकायचे आणि दरवर्षी तोच विनोद करायचे : "मी पालक, तं तू कोन बे? मेथी?"

रिटायर झाल्यावर एक दिवस म्हणाले, "बापू, उद्या माहं डोकं गेलं तं मांगं भानगड नको. माह्या डोळ्यादेखत एक कागद करून ठेव." मी लगबगीनं मुखत्यारपत्र केलं. स्टॅम्पपेपर, नोटरी, सगळं. वरून लॅमिनेशन. या घरात व्यवहार फक्त मलाच कळतो, हे बायकोला आठवडाभर ऐकवलं.

मागच्या पोळ्याला मामांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. जेवले का विचारलं तरी 'हो', उपाशी आहात का विचारलं तरी 'हो'. नागपूरच्या उपचारांसाठी त्यांचीच एफडी मोडायची म्हणून मी लॅमिनेशन घेऊन बँकेत गेलो. बँकेनं मला एका वकीलबाईंकडे धाडलं.

"भाऊ, देणाऱ्याचं डोकं शाबूत आहे तोवरच हे मुखत्यारपत्र चालते."

"पण डोकं जाईन म्हणूनच तं केलं होतं!"

"तेच तं," बाई म्हणाल्या.

आता कोर्टानंच मला मामांचा पालक नेमायला हवं होतं. अर्जात लिहिलं होतं, 'यांना स्वतःचं हित-अहित काहीही कळत नाही.' मी खाली सही केली. करताना मेथी आठवली.

पहिल्या तारखेला न्यायाधीशसाहेबांनी अगदी मायेनं विचारलं, "बाबा, तुमचं नाव काय?" मामा अडले. जन्मभर ज्यानं कुणाला अडू दिलं नाही, तो माणूस भर लोकांत उघडा पडलेला. मला राहवलं नाही. हळूच म्हणालो, "दामो..."

"दामोदर सखाराम!" मामा कडाडले. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असेल.

"यांना कळतंय की," साहेब म्हणाले. डॉक्टरांची तपासणी पुन्हा, तारीख पुढची.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी विचारलं, "भाऊ, तुम्ही नक्की कोणाकडून आहात?" मी मामांना धरून पायऱ्या उतरवत होतो. "पुढच्या वेळी दाताखाली लवंग धरून या," त्या म्हणाल्या.

मी खरंच लवंग धरून गेलो. तोच प्रश्न झाला. मामा अडले. मग त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अडलेला नट विंगेकडे पाहतो तसं. त्यात घाबरणं नव्हतं. तिथे आपला माणूस बसला आहे, हा भरवसा होता. ओठ किंचित उघडून ते शब्दाची वाट पाहत राहिले.

मी लवंग चावली. बाजूच्या पंख्याकडे बघत बसलो. साहेबांनी लिहायला घेतलं.

आता मी कायद्यानं मामांचा पालक आहे. कागद हातात पडला त्या दिवशी घरी येऊन मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "दामो..." थांबून पुन्हा म्हणालो, "दामो..."

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो."