वासरू घरी राहिलं

ती गोष्ट आठवली की निवृत्त माणसाचाही हात आपोआप मिशीकडं जातो. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. गाईंचीही नाही.

नोकरीचं शेवटचं वर्ष. शेंद्र्याच्या पुढं आमचं ग्रामीण ठाणं. माझा आवाज तेव्हा असा होता की मी ठाण्यात ओरडलो तर कारखान्यातले कामगार भोंगा झाला समजून डबे उघडायचे. त्या दुपारी मात्र ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या एका बाईनं मला गप्प केलं. पन्नाशीची, एकटी राहणारी. एका गाईच्या दुधावर तिचं घर चालायचं.

"साहेब, माझी गाय लस टोचायला म्हणून परवा नेली. आता म्हणतेत, तूच इकली."

"विकली का?"

"इकली असती तर इथं कशाला आले असते? तुमचं तोंड बघाया?"

हवालदार फिसकन हसला. मी नुसतं त्याच्याकडं बघितलं. तो पुढचे आठ दिवस हसला नाही.

बाकीचा उलगडा आमच्या ठाण्याला दूध घालणाऱ्या गवळ्यानं हळूच केला. सरकार गाईच्या दुधाला लिटरमागं अनुदान देतं, पण गाईच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला लागतो आणि तो नंबर मालकाच्या नावावर लागतो. गावातल्या दूध संकलन केंद्राच्या मालकानं या नंबरांचाच बाजार मांडला होता. घरोघरी थोडे पैसे टेकवायचे, विक्रीच्या कागदावर सही घ्यायची. गाय तुमच्या दारात, हक्क त्याच्या खिशात. उद्या सकाळी तपासणीचं पथक येणार, म्हणून चाळीस गाई तेवढ्यापुरत्या त्याच्या गोठ्यात आणून बांधल्या होत्या. या बाईनं नंबर द्यायला नकार दिला, तर अनुदानाचा फॉर्म आहे सांगून तिचा अंगठाच घेतला. पथकाचा शिक्का पडला की गाय कायमची गेली.

स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले, तालुक्याच्या पशुवैद्यक डॉक्टरांना अन् त्या बाईला गाडीत घातलं. चारला गोठ्यावर पोचलो तर फाटकात वीस-पंचवीस लाठ्या आडव्या! मी एक हाक दिली, आणि लाठ्या बांबूच्या बेटात परत गेल्या म्हणा ना.

मालक थंड. "या साहेब, बसा. चहा सांगू?"

"कागद दाखव."

दाखवले. एकेक विक्रीखत चोख. त्या बाईचा अंगठाही निळाशार उमटलेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. वरून विचारणा होती, पोलिसांना शेणाची हौस कधीपासून लागली? अर्ध्या तासात परत फिरा. बाहेर फाटकाशी बाई उभी होती. ती आत गाईंकडं बघत होती. मी रिकाम्या हातानं निघालो असतो तर तिला परत तोंड दाखवता आलं नसतं.

आणि मला शांतता ऐकू आली. चाळीस दुभत्या गाई, अन् एकही वासरू हंबरत नव्हतं.

"सगळ्या दुभत्या?"

"व्हय. ताज्या येलेल्या."

"वासरं?"

"त्यांला बिल्ला नसतोय साहेब. अनुदानात बसत नायत, मग आणून काय करायचं?"

बोलून गेला आणि घाईनं कागद गोळा करायला लागला. दुभती गाय घेणारा माणूस वासराचं दावंही सोबत घेतो. नाहीतर गाय पान्हा चोरते, दूध सोडत नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. यानं कागदावरच्याच गाई घेतल्या होत्या, म्हणून वासरं जिथल्या तिथं राहिली होती.

पण एवढ्यावर खटला उभा राहत नाही. पाच वाजत आले होते, धारेची वेळ. कासा तटतटलेल्या. हवालदारानं दावी तपासायला सोडली आणि फाटकाची कडी कशी कोण जाणे निसटली. चौकशीत मला विचारलं गेलं, तेव्हाही मी हेच सांगितलं.

गाई सुटल्या! रस्ताभर धूळ. गल्लीगल्लीतून वासरं हंबरायला लागली आणि एकेक गाय आपापल्या दारात वळली. डॉक्टर बिल्ल्याचे नंबर ओरडतायत, मी घर लिहून घेतोय, पंच धापा टाकत मागं. दारात गाय उभी असताना कुणाला खोटं बोलवेना. दिवेलागणीपर्यंत सतरा जणांनी जबाब दिले. मालकाला त्याच चहाच्या टेबलावरून उचललं.

बाईची गाय तिच्या दारात पोचली होती. वासरू पीत होतं. त्याचं पोट भरेपर्यंत बाईनं चरवी पुढं केली नाही. मग मी जबाब लिहिला आणि शाई पुढं सरकवली. तिनं हात मागं घेतला.

"आधी वाचून दाखवा."

मी वाचू लागलो. "वीस ते पंचवीस इसमांनी लाठ्याकाठ्यांसह..."

"चार व्हते साहेब."

"अहो, साधारण..."

"चारच. अन् एकाच्या हातात छत्री व्हती."

हवालदारानं तोंड भिंतीकडं केलं. मी ओळ खोडली, चार लिहिलं, छत्री लिहिली, खोडल्याजागी सही केली. तेव्हा कुठं तिनं अंगठा दिला.

पुढं कोर्टात आरोपीच्या वकिलानं लाठ्या किती होत्या हे तीनदा विचारलं. बाई तिन्ही वेळा चारच म्हणाली, छत्रीसकट. खटला त्याच साक्षीवर टिकला. उरलेल्या नोकरीत मी एकही जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेतला नाही. गप्पांत मात्र लाठ्या अजून वीस-पंचवीसच असतात. तिथं ती बाई नसते ना.