स्टँडच्या वरचं माहूर

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. भोकरहून माहूरला जाणारी गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. लहानपणी कुणी ‘दादा कुठं गेले?’ असं विचारलं की मी ‘माहूरला’ म्हणायची; शेजारची पोरं ‘शेतात’ म्हणायची तसं. संध्याकाळी दादा घरी आले की खाकी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून आईच्या हातावर ठेवायचे. तीत तांबूल असायचा. विड्याची पानं कुटून केलेला, रेणुकामातेचा प्रसाद. आई आधी हात धुवायची, पुडी डोळ्यांना लावायची आणि मग आम्हा भावंडांच्या जिभेवर चिमूट चिमूट ठेवायची.

‘मला बी एकदा न्या की,’ ती म्हणायची.

‘मी जातोच की. माझ्यात तुझं आलं,’ दादा म्हणायचे.

आई त्यावर कधी वाद घालत नसे. एक तर घर, म्हशी, आम्ही. आणि नवरा देवीच्या पायाशी जाऊन येतो म्हटल्यावर तिला ते पुरेसंही वाटत असावं.

दादांना निवृत्त होऊन आता बराच काळ झाला. मी नांदेडला शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी गाडी चालवायला शिकले आणि गेल्या हिवाळ्यात फोनवर आईला म्हणाले, ‘रविवारी माहूरला जाऊ. नवस नाही, काही नाही, नुसतं आरामात फिरून येऊ.’ माझ्या नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी आणि माझी आठवीतली मुलगी सकाळी भोकरला पोचलो, तेव्हा आई ठेवणीतलं लुगडं नेसून, भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर तयार बसली होती.

दादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही टायरांना बुटाचं टोक लावून पाहिलं आणि मागचं दार उघडलं.

‘पुढं बसा ना,’ मी म्हणाले.

‘नगं बाई. म्होरं बसलो की पाय गप ऱ्हात न्हाईत.’

मग आई पुढे बसली आणि आम्ही निघालो. हिमायतनगरला चहा घेतला. कापूस फुटलेला होता, तुरी पिवळ्या झाल्या होत्या, आणि रस्ता बराचसा रिकामा. दादा मागून सांगत होते, ‘इथं मोरी हाय, दमानं.’ ‘ह्या वळणाला बैलगाडी असतीच.’ गंमत म्हणून मुलीनं त्यांना डोळे मिटायला लावले. तरी ते गाव ओळखत गेले. नवा रस्ता झालेला, धक्के पूर्वीचे राहिलेले नाहीत, तरी दोन-तीनदाच चुकले. किनवट मागं पडलं, सागाचं जंगल लागलं. आई खिडकीतून बघत होती. मध्येच म्हणाली, ‘तुम्ही रोज ह्या झाडातून यायचाव? मला वाटायचं, नुसती धूळ असंल.’

माहूरचं स्टँड आलं. पुढे रस्ता फुटत होता. मी गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, ‘दादा, गडाला कोणता?’

मी आरशात पाहिलं. दादा स्टँडकडे बघत बसले होते.

‘दादा?’

‘इचार कुणाला तरी. मला ठाऊक न्हाई.’

आईनं मान मागं वळवली. ‘ठाऊक न्हाई म्हंजे?’

‘म्हंजे न्हाई ठाऊक. माझी गाडी हितपतुर. वर जायला दुसरी गाडी असायची.’

‘मंग तुम्ही वर कसं जायचाव?’

‘न्हाई जायचो.’

मुलगी माझ्या तोंडाकडे पाहू लागली. आईनं फार हळू विचारलं, ‘एकदा बी न्हाई?’

‘डायवरनं गाडी सोडून जायचं नसतं,’ दादा म्हणाले. ‘मान्सं उतरली की टायर बघायचो, च्या घ्यायचो, जरा आडवा व्हायचो. तेवढ्यात टाइम व्हायचा.’

‘आन तांबूल?’

‘पाशिंजरं द्यायची. येताना.’

‘म्हंजे एवढी वर्षं मी लोकाचा परसाद डोळ्याला लावत होते व्हय?’

दादा खिडकीची काच खाली करू लागले. मीच खाली उतरून एका पानवाल्याला रस्ता विचारला.

घाटात आई समोरच्या रस्त्याकडेच बघत होती. एका अरुंद वळणावर समोरून जीप आली. मागे घ्यायला हवं होतं. एका बाजूला कठडा, दुसरीकडे नाली. मी मागं पाहिलं तर दादांनी दार उघडलेलंच होतं. ते उतरले, गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि डिकीवर थाप मारत ओरडू लागले, ‘येऊ दे... येऊ दे... जरासं डाव्या अंगाला... बस!’ जीप निघून गेली. ते परत येऊन बसले आणि म्हणाले, ‘बरं घेतलंस.’ माझ्या गाडी चालवण्याबद्दल ते आजवर एवढंच बोलले आहेत.

पायऱ्यांपाशी गाडी लावल्यावर दादा म्हणाले, ‘तुम्ही या जाऊन. मी थांबतो हितं.’

‘गाडीला काय पाय फुटायलेत?’ आई कडाडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तू थांब गाडीपाशी. आज ह्यांची ड्यूटी तुझी.’

तिनं नवऱ्याचा दंड धरला. माझी मुलगी नारळाची पिशवी घेऊन त्यांच्या पुढे झाली. दोघं एकेक पायरी चढताना मी बघत राहिले. आईच्या गुडघ्यांमुळे दर थोड्या वेळानं थांबायचे, पण तिनं त्यांचा दंड सोडला नाही.

मी कुंकवाच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसले. हिरव्या बांगड्या, खणांचे ढीग, छपरावर टपून बसलेली माकडं. जाणारे घाईत होते, येणारे निवांत. तास-दीड तास तिथं बसून काढणं मला जड गेलं. दादांनी आयुष्यातला केवढा काळ असाच दुसऱ्यांचं होईपर्यंत वाट बघण्यात घालवला असेल, हे मला तिथं पहिल्यांदा जाणवलं. त्यांचा रागही येत होता. नाही गेलो, एवढं सांगायला काय हरकत होती? ‘माझ्यात तुझं आलं’ म्हणून ज्या बाईला घरी बसवलं, तिच्याशी हे खोटंच वागणं झालं. दोन्ही गोष्टी मनात एकदमच होत्या आणि एकीमुळे दुसरी कमी होत नव्हती.

ते खाली आले तेव्हा दादांच्या कपाळावर मळवट होता, टोपी हातात.

‘झालं दर्शन?’

‘गर्दी होती,’ ते म्हणाले.

मुलीनं मात्र सगळं सांगितलं. गाभाऱ्यात देवीच्या मुखात तांबूल भरलेला दिसला, तेव्हा आजोबा रांगेतच थांबले आणि आजीला म्हणाले, ‘हाच की गं, हाच.’ मागची माणसं ढकलत होती तरी हलेनात.

आम्ही खाली येऊन मातृतीर्थ तळ्याच्या काठी झाडाच्या सावलीत जेवायला बसलो. घाई कसलीच नव्हती. पाणी स्थिर होतं. जेवता जेवता मी दादांना विचारलं, ‘पण आईला सांगितलं का नाही कधी?’

ते भाकरी कुस्करत राहिले.

‘पहिल्या खेपेला एका म्हातारीनं दिला तांबूल. “घे लेकरा, तू आणलं म्हून दर्शन झालं,” म्हणली. मी घरी आणला. तर हिनं आसं तोंड केलं, की काय सांगू. मंग कसं म्हणावं, मी गेलोच न्हाई म्हून?’ ते थांबले. ‘मंग रोजचंच झालं.’

आई तळ्याकडे बघत होती. जरा वेळानं तिनं विचारलं, ‘तुळजापूरची गाडी बी होती की तुमच्याकडं.’

‘हाव.’

‘तिथं?’

‘इस्टँडपतुर.’

‘परळी?’

‘इस्टँडपतुर.’

‘आन औंढा?’

‘तिथं कळस दिसतो लांबून,’ दादा घाईनं म्हणाले.

आईला हसू आलं. तिला ते आवरायचं होतं, पण पदर तोंडाला लावेपर्यंत ते फुटलंच. मुलगीही हसायला लागली. दादा आधी ओशाळले, मग तेही.

आईनं गाठोड्यातली शेवटची भाकरी मोडली, तिच्यावर ठेचा घातला आणि अर्धी त्यांच्या हातात दिली.

‘खा,’ ती म्हणाली. ‘औंढ्याला लई पायऱ्या न्हाईत म्हणं.’