बोट, तोंड आणि बायकोचा मोबाईल

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बायको बोटाची आणि मी तोंडाचा. भांडणाकडे पाहून शेजारी याच्या उलटं सांगतील, पण मी मोबाईलच्या कुलपाबद्दल बोलतो आहे. तिचा मोबाईल बोट टेकवलं की उघडायचा, माझा तोंड दाखवलं की. निदान माझी समजूत तशी होती.

खरं सांगायचं तर दोन्ही पक्षांची अवस्था वाईटच. मोहर्लीला सफारीच्या गेटजवळ माझं टोप्या आणि गॉगलचं दुकान आहे. गिऱ्हाईक काही विचारायच्या आत मी माल स्वतःच घालून दाखवतो, ती माझी पद्धत. त्यामुळे मोबाईल बिचारा सकाळी मला ओळखतो आणि नऊ वाजता ओळख विसरतो. मग मी आधी गॉगल काढतो, मग टोपी, मग गळ्यातला दुपट्टा. समोरचं गिऱ्हाईक घाबरून पाहत असतं, की हा माणूस थांबणार कुठे.

बायकोचं दुःख वेगळं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस हात चिखलात. बोटांच्या रेषा शेताच्या बांधीतच राहतात आणि बोटं तेवढी घरी येतात. मग ती मोबाईलवर अंगठा ठेवते, पदराला पुसते, पुन्हा ठेवते, फुंकर मारते. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला जाते तेव्हा बोटांना असा चिकटा बसतो, की मोबाईल उघडत नाही आणि हातातून सुटतही नाही. तरी पक्ष सोडायला तयार नाही. म्हणते, "बोट बोटच राह्यते. त्याले रंग फासून कोणी नाटकात उभं नाई करत."

हा टोला मला होता, कारण मी नुकताच नाटकात उभा राहिलो होतो.

आमच्याकडे झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय प्रकरण आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पोरीचं लग्न लांबेल, पण गावचं नाटक लांबणार नाही. यंदा शिमग्याच्या आधी आमच्या गावाने नाटक बसवलं आणि मला इन्स्पेक्टरचं काम मिळालं. काम छोटं होतं. नायिकेचा बाप खून होऊन पडलेला असतो. मी यायचं, वाकून नाडी बघायची, उभं राहून टोपी काढायची आणि म्हणायचं, "खेळ खलास." पडदा.

मी आलो. ऐटीत आलो, शिट्ट्या पडल्या. वाकलो. आणि माझी चिकटवलेली मिशी सुटून मुडद्याच्या बरोबर नाकाखाली जाऊन बसली. मुडद्याचं काम करणारा आमच्या गावचा सायकल दुरुस्तीवाला. चांगला मेला होता बिचारा, पण मिशी नाकात गेल्यावर कोण किती वेळ मरणार? तो असा शिंकला, की उठून बसला. आणि मी, माझं वाक्य, टोपी, सगळं विसरून, मनापासून आनंदाने ओरडलो, "अरे, जित्ता हाय!"

पुढचे दोन्ही अंक त्याच्या मरणावर उभे होते.

मंडळींनी त्याला झोळीत घालून दवाखान्यात नेलं, तिथे तो विंगेत मेला, आणि नाटक कसंबसं पुढे गेलं. शिट्ट्या थांबेनात, मागचे लोक उठून उभे राहिले आणि पुढचे हसून हसून सतरंजीवर लोळले. मी मिशी शोधत राहिलो.

आता मूळ अडचण. ब्रह्मपुरीकडे माझे साळे राहतात. त्यातला मोठा साळा तिकडच्या नाटकांतला मुरलेला नट. लग्नानंतर पहिल्याच भेटीत मी त्याला माझा आवाज ऐकवला होता, तेव्हा म्हणाला होता, "भाऊजी, तुमी दुकान छान चालवान." वीस वर्षं ते वाक्य माझ्या घशात अडकलेलं. म्हणून नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मी त्याला फोन लावला आणि सांगितलं, की शिट्ट्या थांबत नव्हत्या, लोक उठून उभे राहिले होते. यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त कशामुळे ते मी सांगितलं नाही.

बायको चुलीजवळ बसून ऐकत होती. मग एका सोमवारी संध्याकाळी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "उद्या भाऊ येऊन राह्यले, दोघंबी. नाटकाचा व्हिडिओ दाखवीन म्हणतो त्यायले."

"कोणता व्हिडिओ?"

"मी काढला ना. समोरच बसली होती. मुडदा शिंकते तिथपासून सगळा हाय."

माझी झोप उडाली. वीस वर्षांनी कमावलेली इज्जत त्या मोबाईलमध्ये होती, आणि साळे दुसऱ्या दिवशी जेवायला येणार होते. त्याच्या आत तो व्हिडिओ उडवायचा, एवढं एकच काम मला उरलं.

मंगळवारी सफारी बंद, म्हणून दुकानही बंद. बायको पहाटेच मोह वेचायला गेली, नऊच्या सुमारास परत आली, आंघोळ केली, मासोळीचा रस्सा चुलीवर चढवला आणि ओसरीवर पाठ टेकताच घोरायला लागली. मोबाईल उशाशी. पिन नंबर मला ठाऊक नाही. पण बोट तर तिथेच होतं, मनगटाला जोडलेलं!

मी रांगत गेलो. तिचा अंगठा अलगद उचलला आणि मोबाईलवर टेकवला. नाही. आंघोळ करूनही मोहाचा चिकटा गेलेला नव्हता. मी तिचा अंगठा माझ्या बनियनला पुसला. नाही. मधलं बोट लावलं. नाही. करंगळी लावली तेव्हा ती झोपेत म्हणाली, "माशा लय झाल्या." मोबाईलने मला थोडं थांबून प्रयत्न करायला सांगितलं. मी थांबलो. दुसरं करणार काय?

मग मला माझा पक्ष आठवला. तिनेही गुपचूप तोंड नोंदवलं असेल तर? मोबाईल तिच्या चेहऱ्यासमोर धरला. डोळे मिटलेले, तोंड उघडं. मोबाईलला ते पसंत पडलं नाही. उघड्या डोळ्यांची बायको कुठून आणायची? भिंतीवर लग्नाचा फोटो होता. स्टुलावर चढून मोबाईल त्या फोटोसमोर धरला. नवरी जमिनीकडे बघत होती. त्या दिवशीही तिने माझ्या उपयोगाचं काही केलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

मी हताश होऊन स्टुलावरून उतरलो, मोबाईल तसाच हातात उभा धरलेला, आणि टक् आवाज झाला.

उघडला!

मी समोर पाहिलं. खुंटीला मोहाची टोपली होती आणि टोपलीवर मुखवटा लटकत होता. आमच्या भागात मोह वेचताना बाया वाकलेल्या असतात आणि वाघ पाठीमागून येतो. समोरून कोणी बघतं आहे असं वाटलं तर तो येत नाही, म्हणून बाया डोक्याच्या मागे माणसाच्या तोंडाचा मुखवटा बांधतात. गावात सगळ्यांना एकसारखेच मिळालेले. गोरा चेहरा, मोठे डोळे, काळी जाड मिशी. माझ्यासारखी सुटणारी नाही, छापलेली.

म्हणजे माझ्या बायकोचा मोबाईल एका मिशीवाल्या परपुरुषाच्या तोंडाने उघडत होता! वीस वर्षांच्या संसारात मी असा हादरलो नव्हतो. पण आधी व्हिडिओ, मग संसार. मी शोधायला लागलो. फोटोंत नव्हता. मग माहेरचा ग्रुप दिसला, ज्यात मला कधी घेतलेलं नाही. उघडला. तिथे होता. नाटकाच्या रात्रीच पाठवलेला! खाली हसणारी तोंडंच तोंडं, आणि मोठ्या साळ्याचा आवाजी निरोप. मी तो दाबला. आवाज पूर्ण मोठा होता हे मला कसं ठाऊक असणार?

ओसरीभर साळा बोलायला लागला. "अवं बाई, हे भाऊजी हाय का? चारदा पाह्यलं मी. पोट दुखून राह्यलं. अन् मले सकाळी फोनवर सांगत होते, शिट्ट्या थांबत नोत्या म्हणून! तू काई बोलू नको. मी येतोच तिकडं. मले त्यायच्या तोंडूनच ऐकाचं हाय."

बायकोने एक डोळा उघडला. "ऐकून झालं असन तं चहा मांडा."

मी म्हणालो, "ते राहू दे. हा माणूस कोण?" आणि मुखवट्याकडे बोट दाखवलं.

"अवो, बोट चालेना मोहाच्या चिकटानं, म्हणून जंगलातच बसून मायं तोंड टाकून राह्यली होती मोबाईलमधी. तेवढ्यात समोरची बाई वाकली, तिच्या मागचा मुखवटा मधात आला, मोबाईलनं तोच धरला. मंग म्हटलं, बरा हाय. याले घाम येत नाई, मोह चिपकत नाई, सकाळी तोंड सुजत नाई. मोबाईल डोक्यामागं नेला का उघडते."

"पण मुखवटे सगळ्यांचे सारखेच आहेत!"

"मंग? आमच्या चौघीचे फोन त्याच तोंडानं उघडते. मीच टाकून देल्ले. जिचा हात रिकामा, ते कोणाच्याबी फोनवरून घरी सांगते, उशीर होईन म्हणून."

बोटाच्या आणि तोंडाच्या पक्षांची मी इतके दिवस केलेली तुलना तिथेच संपली. मी चहा मांडला.

बाराच्या सुमारास साळे आले. हातपाय धुतले, पंगतीला बसले. मोठा साळा भातावर रस्सा ओतून घेत, अगदी भोळ्या चेहऱ्याने म्हणाला, "मंग भाऊजी, नाटकाचं सांगा ना. फोनवर नीट ऐकू नोतं आलं."

धाकटा खाली मान घालून भात कालवत होता. त्याचे खांदे आधीच हलायला लागले होते. बायकोने पदर तोंडावर धरला. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. कबूल करून गप्प बसावं, नाहीतर थाप मारावी आणि तिघांनी हसावं. दोन्हीत हसणार तेच. माझ्या मनात आलं, हसायचंच आहे ना, मग माझ्या हुकमाने हसा!

मी ताट बाजूला सरकवलं आणि उठलो. शिट्ट्यांपासून सुरुवात केली. इन्स्पेक्टरची चाल केली. वाकलो. मिशी कशी सुटली, कशी तरंगत गेली, कशी बसली, ते बोटांनी दाखवलं. मग स्वतःच जमिनीवर आडवा होऊन मुडदा झालो, नाक फुरफुरवलं, शिंकलो, उठून बसलो. आणि शेवटी छातीवर हात ठेवून मोठ्या साळ्याला म्हणालो, "भाऊ, तुमच्या तिकडच्या नटांनी आजपर्यंत लोकांले नुसतं रडवलं. मी मेलेला माणूस उठवला!"

धाकट्याला ठसका लागला. बायको त्याच्या पाठीत बुक्क्या मारत स्वतःच हसत होती. मोठा साळा मात्र हसला नाही. उष्टा हात ताटावर तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिला. व्हिडिओ चारदा पाहिलेला माणूस पाचव्यांदा पाहतो आहे असं.

"भाऊजी," तो म्हणाला, "येत्या दिवाळीनंतर आमच्या मंडळीत एक काम हाय. कराल का?"

मी ताट पुन्हा पुढे ओढलं. "कोणतं?"

"मुडद्याचं. पन उठाचं नाई."

मी क्षणाचाही विचार न करता होकार दिला. मग मनाचा हिय्या करून विचारलं, "मरायच्या आधी काही बोलायला आहे का?"

त्याने बराच वेळ आठवल्यासारखं केलं.

"हाय ना. 'आ.'"

"एकदाच?"

"घेऊन टाका दोनदा," तो म्हणाला, आणि बहिणीकडे वळून त्याने अजून रस्सा मागितला.